'टाकून दिलेली' म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चीनमधून परदेशी दत्तक गेलेल्या मुलींवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात त्यांना सरसकट 'टाकून दिलेल्या' म्हटलंय, ते खटकलं.

इथे न्यू जर्सीत आमच्या शेजारी अशीच एक मुलगी वाढली. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईनं एकदा सवयीनं तिची जन्मवेळ विचारली, पत्रिका बघायला. पोरगी हसली. वेळ कसली, तारीखसुद्धा अनाथाश्रमातल्या डॉक्टरांनी अंदाजानं लिहिलेली. आडनाव तिथल्या सगळ्या मुलांना एकच. मग तिनं फाइल आणली. त्यात वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण होतं : तिकिटाएवढा फोटो, बाजाराच्या फाटकाशी सापडली, कुणाची असल्यास न्यावी. मी अर्थ सांगितल्यावर आई म्हणाली, "नेणार कोण? येईल त्यालाच धरतील की!"

नेमकं तेच. चीनमध्ये मूल टाकणं गुन्हा आणि त्या काळी परवानगीपेक्षा जास्त मूल झालं तर जबर दंड. शिवाय सगळ्याच मुली काही टाकलेल्या नव्हत्या. हुनान प्रांतातल्या लाँगहुई तालुक्यात कुटुंबनियोजनवाल्यांनी दंड न भरणाऱ्यांच्या घरातून तान्ही मुलं उचलून नेली आणि अनाथाश्रमात त्या सगळ्यांना 'शाओ' आडनाव लावलं, हे २०११ मध्ये चिनी पत्रकारांनीच उजेडात आणलं. त्याच प्रांतात हंगयांगच्या अनाथाश्रमांनी मुलं विकत घेतल्याचं प्रकरण २००५ मधलं. कागदावर मात्र सगळीच 'बेवारस'.

१९९२ पासून दीड लाखाहून जास्त मुलं अशी बाहेर गेली, त्यातली निम्मी अमेरिकेत. सप्टेंबर २०२४ मध्ये चीननं हे दत्तक बंद केलं. नात्यातल्या दत्तकाचा अपवाद तेवढा ठेवला.

कॉलेजात चिनी शिकून आमची ही शेजारीण तिकडे जाऊन आली. चेहरा बघून लोक फडाफडा बोलायचे आणि हिची गाडी दोन वाक्यांत अडायची. इकडे आम्ही देसी मंडळी तरी काय वेगळी! पहिल्या भेटीत मीच तिला "मूळची कुठली?" विचारलं होतं. डीएनए चाचणीत तिला एक लांबची बहीण सापडली, तीही दत्तक गेलेली, हॉलंडला. त्यापुढे दोघींनाही काही ठाऊक नाही.

आईनं तिला आपल्याकडच्या नकुशा सांगितल्या. २०११ मध्ये साताऱ्यात २८५ नकुशांची नावं बदलली होती. त्यावर ती म्हणाली, चीनमध्ये 'झाओदी' नाव ठेवतात, म्हणजे धाकट्या भावाला बोलावणारी. आई बराच वेळ गप्प होती.

"मला टाकलं की नेलं, हेच मला माहीत नाही," असं ती म्हणते. मग आपण कशाच्या आधारावर छापलंत? पुढच्या अंकात दुरुस्ती करता आली तर पाहावं.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी