मीटरवर २३० आलं म्हणजे झालं का?

माननीय संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इन्व्हर्टर घेताना काय बघावं यावर लेख आलाय. चांगला आहे, बॅटरीच्या पाण्याचं वगैरे सगळं बरोबर लिहिलंय, फक्त एक वाक्य खटकलं. मल्टिमीटर लावा, २३० व्होल्टच्या आसपास दाखवलं की आउटपुट ठीक समजा, असं त्यात आहे. मी कराडला पंचवीस वर्षं रिपेअरिंगचं दुकान चालवतो आणि ह्याच समजुतीवर लोक फसलेले बघितलेत म्हणून लिहितोय.

गेल्या उन्हाळ्यात एक काका इन्व्हर्टर रिक्षात घालून घेऊन आले. तक्रार एवढीच, की लाइट गेली की पंखा घूं घूं करत बसतो, झोप लागत नाही. आधी दोन ठिकाणी दाखवून झालेलं, दोन्हीकडे मीटर लावून २३० दाखवलं आणि पंख्यातच फॉल्ट आहे म्हणून वाटेला लावलं. माझ्या स्वस्तातल्या मीटरनेही २३०च दाखवलं हो! मग ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर काढून दाखवणारं मशिन) काढला, पडद्यावरच्या एका घराला उभे १०० व्होल्ट आणि आडवे ५ मिलिसेकंद असं सेट केलं. चार घरांत एक फेरा पूर्ण, म्हणजे २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झ, तिथे काही खोट नाही. पण आकार बघा तर सरळ उभी भिंत, वर सपाट गच्ची, मग तशीच भिंत खाली. नुसती स्क्वेअर वेव्ह, घरच्या लाइटीची असते तशी गोलसर साइन वेव्ह नव्हेच. मधल्या रेघेपासून गच्ची दोन घरं आणि वर जरासं, २०७ व्होल्ट.

आता २०७चे २३० कुठनं झाले? साधं मीटर लाटेच्या उंचीची सरासरी काढतं (सपाट गच्चीची ती २०७च) आणि समोर साइन वेव्हच आहे असं धरून तिला १.११ने गुणून दाखवतं, करा गुणाकार. उलटा प्रकारही होतो, मॉडिफाइड साइनवाल्या (वर-खाली जाताना मधे शून्यावर थांबणारी पायऱ्यांची लाट) चांगल्या २३०च्या इन्व्हर्टरला हेच मीटर १८०च्या आसपास दाखवू शकतं आणि गिऱ्हाईक उगाच दुकानदाराशी भांडतं. ट्रू आरएमएस मीटर (लाटेचा आकार कसाही असो, खरे व्होल्ट मोजणारं) असलं तर व्होल्ट बरोबर कळतात, पण पंखा का घुमतोय ते त्यालाही सांगता येत नाही. स्क्वेअर वेव्हमध्ये ५० हर्ट्झच्या जोडीला १५०, २५० असं बरंच काही भरलेलं असतं, पंख्याच्या मोटरमधनं आवाज येतो तो त्याचा. काकांचा पंखा ठणठणीत होता.

(कोणी हे वाचून घरी करायला जाईल म्हणून सांगतो, स्कोपच्या प्रोबची, म्हणजे मोजायच्या वायरची, काळी क्लिप आतून थेट अर्थिंगला असते, ती फेजला लागली की धडाम. काहीजण त्यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिनच काढतात, तो तर मरायचा धंदा आहे. मी डिफरन्शियल प्रोब वापरतो, तो अर्थिंगला न जोडता दोन टोकांतला फरक मोजतो, महाग पडला पण जीव त्याहून महाग.)

दुसरं म्हणजे पोरांना हे शिकवतंय कोण? माझा भाचा डिप्लोमाला आहे, कॉलेजचं नाव घेत नाही. त्यांच्याकडे एका स्कोपभोवती दहा-बारा पोरं, सर ऑटोचं बटण दाबतात, लाट येते, पोरं फोटो काढतात आणि जर्नलमधली रीडिंग मागच्या बॅचची उतरवतात. सुट्टीत तो दुकानात आला, मोबाइल चार्जर तपासायला दिला तर म्हणतो मामा, ५० व्होल्ट येतायत! प्रोबवरचं बारकं बटण एक एक्सवर (आहे तसं) आणि स्कोपच्या मेनूत दहा एक्स (दहापट करून दाखव), ५ व्होल्टचे ५० झाले आणि पठ्ठ्याला शंकाही आली नाही. मग त्याला तासभर बसवलं, ट्रिगर म्हणजे काय, त्याने पळणारी लाट पडद्यावर थांबवायची कशी, स्कोपच्याच एक किलोहर्ट्झच्या पिनेवर प्रोब लावून स्क्रू फिरवत कोपरे काटकोनात कसे आणायचे. एवढं एक तासात होतं, तर प्रॅक्टिकलला प्रत्येक पोराला निदान दहा मिनिटं एकट्याने हात लावू द्यायला काय हरकत आहे? मशिन काही कपाटात ठेवून पूजा करायला घेतलेलं नाही.

तुमच्याकडे एक विनंती, त्या लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर साइन वेव्ह आणि स्क्वेअर वेव्हचे फोटो शेजारी शेजारी छापा आणि मीटरचं ते वाक्य दुरुस्त करा. फोटो नसतील तर माझ्या स्कोपवरचे पाठवतो, काकांच्या इन्व्हर्टरचा अजून पेनड्राइव्हमध्ये आहे.

आपला,
एक रिपेअरवाला, कराड