हुकूम पाळणाऱ्याचा वाटा

ठाणे

प्रिय सुभेदार,
सप्रेम नमस्कार.

हुकूम बरा की वाईट हे शिपाईच ठरवू लागला तर पलटण उभी राहणार नाही, असे तू लिहितोस. सारी हयात ठाण्याच्या कोर्टात घालवलेल्या मी तुझे हे म्हणणे सहज उडवून लावणे योग्य नव्हे. तरीही तुझा हा नियम तुमच्या सेना अधिनियमातही इतका सरसकट नाही. १९५० च्या त्या अधिनियमाचे कलम ४१ कायदेशीर हुकूम मोडणाऱ्यालाच शिक्षा सांगते. उघड अवज्ञा असेल तर ती १४ वर्षांपर्यंत जाते. म्हणजे उघडच बेकायदा असलेला हुकूम नाकारणारा शिस्तीच्या बाहेर जात नाही. अडचण एवढीच की, हुकूम बेकायदा होता की नाही हे नंतर, सावकाश, कोर्ट मार्शलपुढे ठरते आणि तोवरची सारी जोखीम त्या एकट्याची असते.

२३ एप्रिल १९३० रोजी पेशावरात इंग्रजांच्या गढवाल पलटणीतला हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्याच्या साथीदारांनी निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला. ते पळाले नाहीत, त्यांनी बंदुका अधिकाऱ्यांवर रोखल्या नाहीत, केवळ समोरच्या माणसांवर झाडल्या नाहीत. याला तू बेशिस्त म्हणशील का? गोळीबार त्या दिवशी झालाच, आणि चंद्रसिंहाला जन्मठेप होऊन १९४१ पर्यंत तुरुंगात राहावे लागले. (१९४६ च्या नाविकांच्या उठावात आमच्या ठाण्यातल्या ‘अकबर’ या नौदल केंद्राचे नाविकही होते, पण तो लढा मुख्यतः निकृष्ट अन्न, अपमानास्पद वागणूक आणि परक्या सत्तेविरुद्धचा होता, म्हणून तो मी या हिशेबात धरत नाही.) उलट जालियनवाला बागेत १६५० फैरी झाडणारे हात हिंदी फौजेतल्याच शिपायांचे होते, आणि आपण मात्र एकट्या डायरचे नाव घेऊन मोकळे होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या न्युरेम्बर्गच्या खटल्यांनंतर मान्य झालेले तत्त्व असे की, वरिष्ठाचा हुकूम होता एवढ्याने कोणी जबाबदारीतून सुटत नाही, मात्र नकार देण्याची निवड त्याला प्रत्यक्षात शक्य असली पाहिजे. ही अट मला फार मोलाची वाटते. ज्याला निर्णयासाठी क्षणभरच मिळाला, आणि तोही बंदुकीच्या धाकाखाली, त्याला नकाशासमोर बसून रात्रभर विचार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मापाने तोलणे अन्याय्य आहे. पण कैद्याला किंवा लेकरासह उभ्या असलेल्या बाईला गोळी घालण्याचा हुकूम ओळखायला क्षणसुद्धा पुरतो, तिथे ‘मला सांगितले होते’ हे उत्तर मी मान्य करणार नाही. आणि ज्यांनी त्याला तिथे धाडले त्यांचा, म्हणजे मते देणाऱ्या तुझ्या-माझ्यासारख्यांचाही, यात वाटा आहेच.

गावातल्या पोरांची भरतीची तयारी तू करून घेतोस, म्हणून एक विनंती आहे. त्यांना पळवतोस, तसे कलम ४१ देखील एकदा नीट समजावून सांग, कारण भरतीनंतर हा प्रश्न विचारण्याचे धाडस त्यांतल्या फार थोड्यांना होईल. तुला हे पटत नसेल तर सविस्तर लिही. वाद घालायला मी तयार आहे.

तुझा,
वकील