मंडालेहून येणाऱ्या बातम्या जपताना

गिरगाव, मुंबई

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

थायलंडमधल्या चियांग माईला गेल्यावर तुझं काम टेबलावरचं असेल. म्यानमारमधून आलेली छायाचित्रं, व्हिडिओ आणि टिपणं तपासायची, जपायची आणि छापण्याजोगी करायची. गोळीबार तुझ्यासमोर होणार नाही, पण तुझ्या हातून काही निसटलं तर शिक्षा तुला होणार नाही. ती मंडालेत किंवा सित्वेत बसलेल्या कुणाला तरी होईल. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सावकाश वाच.

आधी तिथला कायदा समजून घे. तो आपल्याला परका नाही. १९०८ च्या जुलैमध्ये आपल्या फोर्टातल्या हायकोर्टात टिळकांना ज्या १२४ अ कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली, ते कलम म्यानमारच्या दंडसंहितेत त्याच क्रमांकाने आहे, कारण मूळ संहिता एकच. टिळकांना ठेवलं तेही मंडालेच्याच तुरुंगात. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच महिन्यात या संहितेत ५०५ अ हे कलम घातलं. 'खोटी बातमी' पसरवली किंवा भीती निर्माण केली की तीन वर्षांपर्यंत कैद. बातमी खोटी हे ठरवणार तेच. ८ मार्च २०२१ ला मिझिमा, डीव्हीबी, खित थित, म्यानमार नाऊ आणि सेव्हन डे या पाच संस्थांचे परवाने रद्द झाले. तरीही तिथले बातमीदार थांबले नाहीत.

'साधी बातमी आहे, यात काय धोका' असं कुणी म्हणालं तर साई झॉ थाइकेची आठवण ठेव. तो म्यानमार नाऊचा छायाचित्रकार. मे २०२३ मध्ये मोखा चक्रीवादळानंतर सित्वेची पडझड टिपायला गेला आणि पकडला गेला. सप्टेंबरमध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. वादळाची छायाचित्रं काढायला गेला होता तो. तेव्हा कामांची सोपी आणि अवघड अशी विभागणी करू नकोस. प्रत्येक फाइल सारख्याच काळजीने हाताळ.

आता फाइलींविषयी. मेसेजिंग ॲपमधून फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा दाबून लहान केली जाते आणि तिच्यातली वेळ-ठिकाणाची नोंद बहुधा पुसली जाते. पुरावा म्हणून ती दुबळी होते. म्हणून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागव. हाती येताच, उघडण्याआधी, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा तिचा अंगठ्याचा ठसाच म्हण) काढ आणि नोंदवहीत वेळेसह लिही. तो ६४ अक्षरांचा असतो आणि फाइलीतला एक बिंदू जरी बदलला तरी अख्खा बदलतो. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही व्हिडिओत फेरफार केली, तर उत्तर त्या ओळीत आहे. मूळ फाइल इंटरनेट नसलेल्या डिस्कवर ठेव. एकूण तीन प्रती हव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या देशात. संपादन फक्त चौथ्या, कामाच्या प्रतीवर.

छापायच्या प्रतीचं मात्र उलट. तिथे वेळ-ठिकाणाची नोंद राहता कामा नये. डिसेंबर २०१२ मध्ये एका मासिकाने जॉन मॅकाफी या फरार उद्योजकाचा फोटो टाकला. तो फोनवर काढलेला होता आणि त्यात अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. तो ग्वाटेमालात आहे हे त्यावरून जगाला कळलं. फोटो टाकणारे अनुभवी होते, घाईत विसरले. घाई हे या कामातलं सर्वांत मोठं विष आहे.

नोंद पुसली म्हणजे सगळं झालं असंही नाही. मजकूर चित्रातच असतो. विजेच्या खांबावरचा क्रमांक, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, दुकानाची पाटी. खिडकीतून घेतलेल्या चित्रीकरणात कोन पाहिला की कोणत्या इमारतीच्या कितव्या मजल्यावरून ते घेतलं हे सैनिकांना काढता येतं आणि मग त्या मजल्यावरची सगळी दारं ठोठावली जातात. म्हणून स्वतःला विचार: याच जागेवरून आणखी किती जण चित्रीकरण करत होते? उत्तर 'एकच' असेल तर तो व्हिडिओ दाखवू नका. त्यात काय दिसतं ते शब्दांत लिहा. चेहरे झाकायला धूसर पट्टा किंवा चौकटी-चौकटींची जाळी वापरू नकोस, त्यातून कधीकधी चेहरा परत उभा करता येतो. सरळ काळा ठोकळा घाल आणि फाइल नव्याने तयार कर, नाहीतर ठोकळा वेगळ्या थरात राहतो आणि कुणीही तो बाजूला करतं. आवाज नुसता जाड-बारीक करणंही पुरेसं नाही. ते शब्द दुसऱ्या कुणाकडून वदवून घे.

कागदपत्रांची गोष्ट आणखी नाजूक. २०१७ मध्ये अमेरिकेत रिअ‍ॅलिटी विनर या तरुणीने एक गुप्त अहवाल एका संकेतस्थळाला पाठवला. पत्रकारांनी खरेपणा तपासण्यासाठी त्याची प्रत सरकारलाच दाखवली. कागदाला घडी पडलेली होती, म्हणजे तो छापून बाहेर नेलेला. तपासात दिसलं की तो सहा जणांनी छापला होता आणि त्यातल्या एकीच्याच संगणकावरून त्या संकेतस्थळाला ईमेल गेला होता. तिला ६३ महिन्यांची शिक्षा झाली. हे लोकशाही देशात, चांगल्या हेतूच्या पत्रकारांकडून घडलं. तेव्हा मूळ कागद, त्याची स्कॅन प्रत किंवा छायाचित्र सरकारी माणसाला दाखवायचं नाही. मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडून प्रश्न विचारायचे. त्याआधी देणाऱ्याला विचारायचं की हा कागद तुमच्याखेरीज किती जणांच्या हाती होता. उत्तर 'चार-पाच' आलं तर तो तसाच्या तसा छापणं म्हणजे त्याला पकडून देणं.

कागद खोटाही असतो. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या नावावरची पत्रं 'केसरी' आणि 'मराठा'ने छापली, ती बनावट ठरली आणि टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांची तळमळ खरी होती, पण कोर्टात तळमळ चालत नाही. म्यानमारमध्ये तर कागद हाच सापळा झाला. रॉयटर्सचे वा लोन आणि क्याव सो ऊ इन दिन गावातल्या दहा रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा शोध घेत होते. १२ डिसेंबर २०१७ च्या रात्री यांगूनमध्ये पोलिसांनी त्यांना भेटायला बोलावलं, गुंडाळलेले कागद हातात दिले आणि बाहेर पडताच अटक झाली. खटला १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली, तोही आपल्याकडचाच कायदा. पुढे मो यान नाइंग या पोलीस अधिकाऱ्याने कोर्टात सांगितलं की हा वरून आखलेला सापळा होता. नंतर पोलीस शिस्तीच्या कायद्याखाली त्यालाच वर्षाची कैद झाली. या माणसाचं नाव पत्रकारांच्या यादीत येत नाही, पण मला ते त्या दोघांइतकंच मोठं वाटतं. त्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली, पाचशेहून जास्त दिवसांनी, ७ मे २०१९ ला ते सुटले. आणि बातमी? ती फेब्रुवारी २०१८ मध्येच, ते कोठडीत असताना, छायाचित्रांसह प्रसिद्ध झाली, कारण साहित्य सहकाऱ्यांपाशी पोचलेलं होतं. तुझं टेबल असतं ते यासाठीच.

नावं कुणाला किती ठाऊक असावीत? जितकी कमी तितकी बरी. मॉस्कोत १९६८ पासून 'घडामोडींची बखर' (क्रॉनिकल ऑफ करंट इव्हेंट्स) म्हणता येईल असं एक गुप्त नियतकालिक टंकलेखन यंत्रावर, कार्बन कागद घालून निघत असे. त्याच्या वाचकांना सूचना होती: माहिती द्यायची असेल तर ज्याने हा अंक दिला त्याला सांगा, तो त्याला देणाऱ्याला सांगेल. साखळीचा माग स्वतः काढू नका, नाहीतर तुम्हाला खबऱ्या समजतील. तुम्हीही तसंच करा. वार्ताहरांना सांकेतिक अक्षरं द्या. नाव आणि अक्षर यांची जोडणी एकाच माणसाकडे असावी आणि ती तू नसावीस. कुतूहल म्हणूनही विचारू नकोस. जे ठाऊक नाही ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

फोनवरचा दिनक्रम ठरवून घे. नाक्यानाक्यावर फोन तपासतात, त्यात व्हीपीएन (बंदी घातलेली संकेतस्थळं उघडून देणारं ॲप) सापडलं तरी माणूस अडकतो. म्हणून वार्ताहर बाहेर पडताना फोन कोरा असावा, साहित्य पाठवून झालं की तिथून काढून टाकलेलं असावं. सकाळ-संध्याकाळ खुशालीची वेळ ठरलेली हवी. ती चुकली आणि ठरलेली मुदत उलटली, समजा दोन तास, की त्याचं खातं सगळ्या गटांतून काढायचं, सामायिक पासवर्ड बदलायचे, त्याच्याशी जोडलेल्यांना सावध करायचं. 'कुठे आहेस, ठीक ना?' असे मेसेज मुळीच पाठवायचे नाहीत. फोन पोलिसांच्या हातात असेल तर तुझी काळजीच पुरावा होते. दबावाखाली बोलावं लागलं तर वापरायचं एक साधं वाक्य आधी ठरलेलं असू दे, रोजच्या बोलण्यात सहज खपेल असं.

'हा आमचा वार्ताहर' असं अटकेनंतर जाहीर करायचं की नाही, हे अटकेनंतर ठरवायला बसू नका. संस्थेवर बंदी असेल तर ती कबुलीच आरोप वाढवते. कधी बोभाटा झाल्याने मारहाण थांबते, कधी गप्प राहिल्याने माणूस दोन दिवसांत सुटतो. ज्याचा जीव आहे त्याची इच्छा आधीच लेखी घेऊन ठेवा.

जुन्या मजकुराला हात लावताना नोंद ठेव. फिलिपाइन्समध्ये मारिया रेसा यांच्या रॅपलरने मे २०१२ मध्ये छापलेल्या लेखातली एक स्पेलिंगची चूक २०१४ मध्ये दुरुस्त केली. सायबर बदनामीचा कायदा लेखानंतर आला होता, पण दुरुस्ती म्हणजे पुनर्प्रकाशन असं धरून जून २०२० मध्ये त्यांना दोषी ठरवलं. म्हणून चुका सुधारायच्या नाहीत असं नाही. मॉस्कोचं ते नियतकालिकही मागच्या अंकातल्या चुका पुढच्यात छापत असे आणि त्यामुळेच लोक त्यावर विश्वास ठेवत. फक्त वकिलाला विचारून, दुरुस्ती तारखेसह स्वतंत्र नोंदव.

हिशोबाकडे तुझं कधीच लक्ष नसतं, इथे द्यावं लागेल. हाँगकाँगच्या ॲपल डेलीवर कोर्टाने बंदी घातली नाही. जून २०२१ मध्ये पाचशे पोलीस आले, खाती गोठवली, पगार देता येईनात आणि २४ जूनला दहा लाख प्रतींचा शेवटचा अंक काढून वृत्तपत्र बंद झालं. तेव्हा संस्थेचे काही महिन्यांचे पगार दुसऱ्या देशातल्या खात्यात आहेत का, हे पहिल्याच आठवड्यात विचार. वार्ताहराला पाठवलेल्या पैशाची नोंद बातमीवर छापलेल्या त्याच्या नावाइतकीच धोक्याची, हेही ध्यानात असू दे.

जे आत आहेत त्यांच्या घरच्यांची एक वेगळी वही कर. वकिलाची फी कधी द्यायची, भेटीचा दिवस कोणता, औषधं कुठली, सुकं खाणं किती चालतं, मुलांच्या शाळेचे पैसे केव्हा भरायचे. नवी बातमी येत राहते आणि आतला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मागे पडतो. त्याचं मानधन पहिल्या तारखेला घरी पोचलं की नाही, हे दर महिन्याला तू स्वतः विचारत जा.

तुझी,
आई