नंबरावरून अर्धवट राहिलेलं

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन तसाच ठेवलास. आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलांना स्वतःचा नंबर दिलास, 'रात्री कधीही फोन करा' म्हणालीस, हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. पण त्यावर आज लिहायचं नाही असं ठरवलंय. समुपदेशक म्हणून नोकरीला लागल्या लागल्या शाळेने एवढं काम तुझ्यावर सोपवलं, याचा किती अभिमान वाटतो ते काल सांगायचं राहूनच गेलं. तर मुलांच्या आत्महत्या टाळण्यासाठी तू शाळेत घेणार आहेस त्या कार्यक्रमाबद्दलच लिहिते.

मैदानात सगळी शाळा बसवून एकच व्याख्यान, हे करू नकोस. एवढ्या घोळक्यात आतून खचलेलं मूल तोंड उघडत नाही, आणि शाळेच्या दप्तरी मात्र 'कार्यक्रम झाला' अशी नोंद पडते. युरोपातल्या १० देशांत १६८ शाळा घेऊन तीन पद्धती तपासल्या होत्या: शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवणं, प्रश्नावलीतून मुलं शोधणं, आणि वर्गात मुलांबरोबरच काम करणं. २०१५ मध्ये निकाल आले. वर्षभराने फक्त तिसऱ्या पद्धतीच्या शाळांत आत्महत्येचे प्रयत्न आणि तीव्र विचार, यातली एकही पद्धत न वापरता तुलनेसाठी ठेवलेल्या शाळांपेक्षा साधारण निम्म्यावर होते. त्यात होतं काय? ३ तास प्रसंग करून पाहणं, सुरुवातीला आणि शेवटी एकेक तास बोलणं, घरी न्यायला ३२ पानी पुस्तिका, वर्गात ६ पोस्टर. आणि ३ महिन्यांनी मोजलं तेव्हा कुठेच फरक नव्हता, हेही लक्षात ठेव. मुख्याध्यापक एका सत्रात आकडे मागतील. त्यांना आधीच सांगून ठेव.

हे तास शिक्षकांवर ढकलू देऊ नकोस. बिहारमध्ये नववीच्या मुलांसाठी एकच कार्यक्रम काही शाळांत खास नेमलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी चालवला, काही शाळांत शिक्षकांनी. २०१८ मध्ये निकाल आले. पहिल्या शाळांत नैराश्य आणि दादागिरी कमी झाली, दुसऱ्या शाळांत काहीच हललं नाही. ज्याच्या हातात मार्क असतात त्याच्यापाशी मन मोकळं करणं मुलांना अवघड जात असावं, असं मला वाटतं.

प्रश्नावली वापरणार असलीस तर शुक्रवारी भरून घेऊ नकोस. शनिवार-रविवार कागद कपाटात पडून राहतात आणि एखाद्याने त्यात आत्महत्येच्या प्रश्नाला 'हो' लिहिलेलं असतं. सोमवारी पहिल्या तासाला घे, शाळा सुटायच्या आत सगळे कागद वाच, 'हो' लिहिणाऱ्याला त्याच दिवशी भेट. जेवढ्यांना भेटता येईल तेवढ्यांनाच एका वेळी कागद दे.

आणि विचारायचं ते सरळ: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते शिरत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ६ शाळांत हे तपासलंय, २००५ साली. 'हो' म्हणालं तर पुढे विचार: कधीपासून, काही ठरवलंय का, पूर्वी प्रयत्न केला होता का. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीच देऊ नकोस. पालक येईपर्यंत मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू त्याच संध्याकाळी कुलपात ठेवायला पालकांना सांग. भीती घरच्याच माणसाची असेल, तर आधी विश्वासाचं दुसरं मोठं माणूस शोध आणि बालसंरक्षणाच्या लोकांना कळव.

'मी असं करणार नाही' अशा कागदावर सही घेण्याचा उपयोग नसतो. त्याऐवजी मुलाबरोबर बसून सुरक्षेची योजना लिही, त्याच्याच शब्दांत. पहिल्या ओळीत धोक्याची खूण येते. तिथे 'बरं वाटत नाही' चालणार नाही. 'खोलीचं दार लावून घेते, मैत्रिणींच्या मेसेजला उत्तर देत नाही' असं हवं. मग एकट्याने करता येईल असं काही, मग सोबतीची माणसं, मग मदतीची. शेवटी नंबर: २४ तासांची हेल्पलाइन, डॉक्टर, घरातलं एक माणूस. तुझा नको. शाळेच्या वेळेत तू आहेसच. पण रात्री तुझा डोळा लागला, फोन बंद पडला, आणि त्या मुलाकडे दुसरा नंबरच नसला तर?

बघ, पुन्हा तिथेच आले. रागावू नकोस. आजीच्या आजारपणात तिला पाणी लागेल म्हणून तू तिच्या उशाशी जागी राहायचीस, आठ वर्षांची होतीस. झोप म्हटलं की रडायचीस. तुझा तो स्वभाव मला बदलायचा नाही गं, फक्त तुझ्याबरोबर आणखी कुणीतरी जागं असावं एवढंच.

म्हणून गुरुवारच्या बैठकीत तुझ्या सुट्टीत आणि आजारपणात कोण, हे नावासकट लिहून घे. तुला स्वतःला महिन्यातून दोनदा तरी कुणा अनुभवी माणसाशी हे सगळं बोलायला मिळावं, हेही माग. आणि मुलांना नवा कागद वाट, त्यावर हेल्पलाइनचा नंबर सर्वांत वर. वाटण्याआधी तो स्वतः लावून पाहा.

काकूंचे रिपोर्ट शनिवारी येतील. निखिलला म्हणावं, गाडीचे कागद इथेच राहिलेत.

तुझी आई