उरलेले साठ हजार देऊ नका, काका

माग्देबुर्ग, जर्मनी
मकरसंक्रांत, 14 जानेवारी 2026

तीर्थस्वरूप काका आणि काकूंना,
बंडूचा साष्टांग नमस्कार.

तिळगूळ यंदा फोनवरच झाला. इथे तुर्की दुकानात तीळ मिळतात, पण चिकीचा गूळ नाही. साखरेचा पाक करून लाडू वळले, तर ते फोडायला बत्ता लागला असता. असो.

पत्राला कारण काकू. परवा बोलता बोलता म्हणाल्या, चिमीच्या जर्मनीत शिकायला यायच्या व्हिसासाठी सोलापूरचा एक एजंट ठरलाय, 80 हजारांत सगळं तो बघणार, 20 हजार देऊनही झाले. मी फोनवर काही बोललो असतो तर तुम्ही ‘तू तुझा अभ्यास बघ’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितोय. गेले ते गेले, उरलेले 60 हजार देऊ नका.

माझ्या वेळी तुम्हीच माझ्याबरोबर मुंबईला आला होतात. कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर, पहाटे सीएसएमटी, स्टेशनवरच तोंड धुतलं. व्हिसा केंद्राच्या दारात तुम्हाला अडवलं, कारण आत फक्त अर्जदार. तुम्ही तीन तास बाहेर माझी पिशवी सांभाळत बसलात आणि मी बाहेर आल्यावर पहिलं विचारलंत, ‘पाणी तरी दिलं का रे?’ काका, चिमीचा एजंटसुद्धा तिथेच बाहेर बसणार आहे. काचेपलीकडची बाई विचारेल हेच विद्यापीठ का, हाच विषय का, खर्च कोण करणार, तेव्हा उत्तर चिमीलाच द्यायचंय. फाइल तिने स्वतः लावली असेल तर कुठला कागद कुठे आहे ते तिला अंधारात सापडेल.

आमच्या मजल्यावर नगरचा एक मुलगा आहे. त्याच्या एजंटाने त्याच्या नावाने पत्र लिहून दिलं होतं, आपण का शिकायला चाललोय ते सांगणारं. त्यात लिहिलेलं, शिकून परत येऊन वडिलांचा पोल्ट्रीचा धंदा वाढवणार. वडील एसटीत कंडक्टर! नशीब, त्याने आदल्या रात्री वाचलं आणि पहाटेपर्यंत बसून स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत नवं लिहिलं. पूर्वी व्हिसा नाकारला तर दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा, पैसे न भरता. 1 जुलै 2025 पासून ते बंद झालंय. आता नकार आला की पुन्हा नवा अर्ज, नाहीतर थेट जर्मन कोर्ट. चूक एजंटाची, शिक्का चिमीच्या नावावर.

आता कामाचं. सगळ्यात आधी एपीएस. दिल्लीतल्या जर्मन दूतावासाचा तो विभाग आपल्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का ते तपासून दाखला देतो. नोव्हेंबर 2022 पासून तो सक्तीचा आहे. मी फी 18 हजार भरली. ऑक्टोबरची बॅच धरायची तर चिमीने हे या महिन्यातच सुरू करावं. उन्हाळ्यात सगळा देश तिथे रांगेत असतो.

आणि एपीएसच्याही आधी नावं. मी इथेच अडकलो होतो. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर बाबांचं ‘दत्तात्रय’ इंग्रजीत शेवटी एक ‘ए’ जास्त घालून छापलंय, पासपोर्टवर तो ‘ए’ नाही. शिवाय आपल्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. आपल्याला यात काय ते कळतं, पण परक्या माणसाला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. मी प्रतिज्ञापत्र करून जोडलं, ते चाललं. तुमचं प्रकरण याहून अवघड आहे. सातबाऱ्यावर तुम्ही बाळासाहेब, आधारवर बाळकृष्ण, आणि चिमीच्या बारावीच्या कागदावर काय आहे ते देवाला ठाऊक. आज रात्री जेवणं झाली की पासपोर्ट, दहावी, बारावी आणि डिग्रीचे कागद, नाहीतर त्यांच्या झेरॉक्स, एका ओळीत मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. एजंट हे बघत नाही, त्याच्याकडे अशा शंभर फाइली असतात.

पैशाचं तुम्हाला ठाऊकच आहे. ब्लॉक अकाउंटला, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याला, 11,904 युरो लागले, तेव्हाच्या भावाने 12 लाखांच्या घरात. त्या दिवशी बार्शीच्या बँकेत बाबांनी एफडी मोडायच्या फॉर्मवर सही करायच्या आधी पेन दोनदा झटकलं. शाई चांगली उतरत होती. तुमचे दोन लाख तुम्ही टेबलावर ठेवलेत आणि लगेच बाहेर चहाला गेलात, मी आभार मानू नयेत म्हणून. हे लिहायला मला सहा महिने लागले.

ते पैसे कुठे जात नाहीत, एवढं काकूंना सांगा. इथे आल्यावर दर महिन्याला 992 युरो आपल्याच खात्यात परत येतात. मात्र एकदम हातात पडत नाहीत. त्यातून खोलीचं भाडं, विम्याचे 140-145 आणि जेवण. सरकारी विद्यापीठ असल्याने आमच्याकडे शिकवणीची फी नाही, फक्त दर सहामाहीचं थोडं शुल्क. चिमीच्या यादीत श्टुटगार्ट दिसलं. ते ज्या राज्यात येतं तिथे आपल्यासारख्यांना सहामाहीला 1,500 युरो पडतात, ते धरून हिशोब करा. कर्ज काढून पाठवणार असाल तर बँकेला टीसीएसचं विचारा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या कराचं. शिक्षणाच्या कर्जाच्या पैशावर तो आता कापत नाहीत. स्वतःचे असतील तर 10 लाखांच्या वरच्या रकमेवर काही टक्के कापतात, रिटर्न भरताना ते हिशोबात धरता येतात.

माझं बरं चाललंय. शाळेच्या पुस्तकात दोन अर्धगोल ओढणाऱ्या घोड्यांचं चित्र होतं ना, तो प्रयोग करणारा गेरिके इथलाच. आमच्या विद्यापीठाला नाव त्याचंच. शनिवारी एका गोदामात खोकी उचलतो, या महिन्यापासून तासाला 13.90 युरो मिळतात. कायद्याने वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, मी त्याच्या निम्म्यालाही जाणार नाही, परीक्षा आहेत. तरी थोडे साठलेत. तुमचे दोन लाख मी तुम्हाला परत देत नाही, ते चिमीच्या ब्लॉक अकाउंटला घालायचे. एप्रिलपर्यंत निम्मे जमतील.

चिमीला सांगा, रविवारी तुमच्या दुपारी चारला फोन करायचा, कागद समोर घेऊन. तेव्हा माझ्याकडे साडेअकरा वाजलेले असतात, झोपेतून उठलेला असतो. तिने पत्र स्वतः लिहावं, मी फक्त चुका काढीन. इंग्रजी वाकडं असलं तरी चालेल, पोल्ट्री नको.

एजंटाकडे दिलेल्या मूळ गुणपत्रिका आधी परत आणा, मग पैशाचं बोला. उलट्या क्रमाने करू नका.

आईला गोदामाचं सांगू नका.

तुमचा,
बंडू