आमच्या वाटेवरचा हिगिनबोथम

मेलबर्न,
रविवार, रात्र

प्रिय दिल्या,

परवा फोनवर तू तावातावाने म्हणालास, "न्यायाधीशाला मत नसावं, असलंच तर घरी कुलपात ठेवावं." तेव्हा तुला हिगिनबोथम, इथला एक जुना न्यायाधीश, सांगायचा राहून गेला. ट्रेझरी प्लेसला, माझ्या ऑफिसच्या वाटेवर, त्याचा पुतळा आहे. तीन वर्षं त्याच्याशेजारी उभा राहून कॉफी प्यायलो, पण नाव वाचायची बुद्धी झाली ती पावसाने तिथेच अडकवून ठेवलं तेव्हा.

जॉर्ज हिगिनबोथम, जन्म 1826, डब्लिन. लंडनमध्ये बातमीदारी करता करता बॅरिस्टर झाला, 1854 मध्ये इथे, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीत, आला. मग 'आर्गस' वर्तमानपत्राचा संपादक, 1861 मध्ये आमदार, 1863 मध्ये ॲटर्नी जनरल. आता खरी गंमत ऐक, खास तुझ्यासाठी. 1865 साली मुख्यमंत्री मॅकलकच्या सरकारने जकातीचं विधेयक खर्चाच्या विधेयकाला जोडून वर पाठवलं. वरच्या सभागृहात सगळे बडे जमीनमालक, त्यांनी ते अडवलं. तिजोरीत पैसा आहे, पण काढायला कायद्याची मंजुरी नाही. मग सरकारने लंडन चार्टर्ड बँकेकडून उसने घेतले, बँकेने वसुलीचा दावा ठोकला आणि सरकारने बचाव न करता देणं कबूल केलं. झाला हुकूमनामा! त्याच्या जोरावर तिजोरीतून बँकेचे पैसे भागवले, की पुन्हा नवीन उसने. त्या बँकेच्या संचालकांत खुद्द मुख्यमंत्री मॅकलक. तुमच्या कोर्टात असा संगनमताचा दावा आला असता तर तू टेबलावर चढला असतास. आणि या सगळ्याचा कायदेशीर सल्लागार आपला हा सोवळा माणूस! गव्हर्नर डार्लिंग सरकारच्या बाजूने राहिला, म्हणून लंडनने त्याला 1866 मध्ये परत बोलावलं.

हिगिनबोथमचा राग तिथेच होता. आम्ही निवडलेलं सरकार आणि कारभार मात्र लंडनच्या कचेरीतल्या 'रॉजर्स नावाच्या कुणा माणसाचा', असं तो 1869 मध्ये भर सभागृहात म्हणाला. हा रॉजर्स म्हणजे वसाहत खात्याचा कायम सचिव.

1880 मध्ये तो न्यायाधीश झाला, 1886 मध्ये मुख्य न्यायाधीश. 'सर' ही पदवी नाकारली. गव्हर्नर नसला की कारभार मुख्य न्यायाधीशाकडे यायचा, पण याने आधीच कळवून टाकलं की इथल्या अंतर्गत गोष्टींचे अहवाल मी लंडनला पाठवणार नाही. मग 1889 मध्ये वेळ आली तेव्हा त्याला डावलून दुसराच माणूस आणला. याने तत्त्व सोडलं नाही, गव्हर्नरची खुर्ची सोडली.

1890 मध्ये मोठा जहाजी संप झाला. जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या संघटनेने ट्रेड्स हॉलशी, म्हणजे कामगार संघटनांच्या मुख्य कचेरीशी, संबंध ठेवू नये, ही मालकांची अट होती. मुख्य न्यायाधीशाने ट्रेड्स हॉलला उघड चिठ्ठी लिहिली: सोबत 50 पौंड, आणि मालक चर्चेला बसत नाहीत तोवर दर आठवड्याला 10. कुलूपबिलूप काही नाही, बघ. शहरातली बडी मंडळी किती खवळली असतील!

मी या माणसाच्या प्रेमातच पडलो होतो. मग आ टॉयचा खटला वाचला आणि घास अडकला. 1888 मध्ये 'अफगाण' जहाजातून चिनी प्रवासी आले, त्यातला हा एक. ठरलेला कर भरायला तयार होता, तरी जकात अधिकाऱ्याने उतरू दिलं नाही. कोर्टात बहुमत आ टॉयच्या बाजूने पडलं: कायद्याने दिलेला नाही असा अधिकार मंत्र्यांना नाही. हिगिनबोथम विरुद्ध गेला. त्याचं म्हणणं, वसाहतीला स्वराज्य दिलंय ते पूर्ण दिलंय, परक्याला दारात अडवायचा अधिकारही त्यातच आला. म्हणजे लंडनशी ज्या तत्त्वावर आयुष्यभर भांडला, तेच तत्त्व इथे त्या माणसाच्या अंगावर घातलं. 1891 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे लंडनमधल्या वसाहतींच्या शेवटच्या अपील कोर्टानेही, आ टॉयला हरवलं. पुढच्याच वर्षी, 31 डिसेंबरला, हिगिनबोथम गेला.

माझा व्हिसा हातात पडेपर्यंत रोज सकाळी मेल उघडताना पोटात गोळा यायचा, तुला माहीत आहे. त्यामुळे आता कॉफी घेऊन जरा लांब उभा राहतो. पण उभा तिथेच राहतो.

तू आ टॉयचा वकील असतास तर या म्हाताऱ्यापुढे काय मांडलं असतंस, ते लिहून पाठव. फोनवर नको, फोनवर तू नुसता ओरडतोस. काकूंना नमस्कार सांग, मेतकूट पोचलं.

तुझा,
मन्या