लेस्टरहून पत्र : माळ्यावरची ट्रंक तेवढी राहू द्या

लेस्टर,
रविवार, 12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आजीला वेगळा नमस्कार. हे पत्र बाबांनी तिला मोठ्याने वाचून दाखवावे, फक्त शेवटचा पैशांचा मजकूर गाळावा.

मी खुशाल आहे. जेवणखाण, थंडी आणि कामाच्या पाळ्या यांविषयी रोज रात्री फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. पत्राला बसले ती बाबांच्या मागच्या रविवारच्या बोलण्यामुळे. "सुट्टीच्या दिवशी विश्रांती घ्यायची सोडून परक्यांची रद्दी कसली चाळत बसतेस?" असे तुम्ही विचारलेत आणि मी हसून विषय बदलला. फोनवर मला नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही मध्येच "बरं, बरं" म्हणता आणि माझे वाक्य अर्ध्यावर राहते.

आधी तुमच्या शंका. मी जाते त्या दप्तरखान्यात जायला एक पेनीही पडत नाही. बिनपगारी स्वयंसेवेला माझ्या व्हिसाची आडकाठी नाही, हे मी जाण्यापूर्वीच वाचून घेतले आहे. आई, तुझी धुळीची भीतीही निराधार आहे, कारण आपल्या पोटमाळ्यावर असते तशी धूळ तिथे औषधालाही सापडत नाही. कागद वाचकापुढे येण्यापूर्वी मऊ ब्रशने झाडलेला असतो. खोकला मला सप्टेंबरमध्ये झाला तो बसमधल्या गर्दीमुळे, आणि तो आता पूर्ण गेला आहे.

हा दप्तरखाना या जिल्ह्याचा. चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या, बंद पडलेल्या मोजे विणायच्या गिरण्यांचे हिशेब, शाळांचे हजेरीपट, जुने नकाशे असे सगळे तिथे ठेवलेले असते. आपल्याकडे दप्तरखाना म्हटले की पुण्याचे पेशवे दप्तर आणि त्यात मान खाली घालून बसलेले दोन-तीन संशोधक डोळ्यांसमोर येतात. इथे मात्र वर्षभर कोणत्या ना कोणत्या निमित्ताने साध्या माणसांना आत बोलावतात. मे महिना स्थानिक इतिहासाचा म्हणून पाळतात, तेव्हा व्याख्याने होतात. मला साहजिकच आपल्या नाशिकच्या गंगेवरची, म्हणजे गोदाकाठची, वसंत व्याख्यानमाला आठवते. यशवंतराव महाराज पटांगणावर, दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या फरशीवर बसून ऐकण्याची सवय असल्यामुळे इथल्या बंद खोलीतले, घड्याळ लावून पंचेचाळीस मिनिटांत आटोपणारे व्याख्यान मला अळणी वाटते. रेल्वेवरच्या एका व्याख्यानात तर मी चक्क पेंगले.

एक व्याख्यान मात्र विसरता येत नाही. 1972 साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे घरे, शाळा, दवाखाने सगळे भरलेले आहे, तेव्हा कृपा करून इकडे येऊ नका. लोक आलेच, आणि आज याच शहरात बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची रोषणाई होते. ती जाहिरात पडद्यावर दाखवली तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या एका गुजराती मावशी तिच्याकडे पाहतच राहिल्या. पुढे वक्त्याने एका दुकानाची जागा सांगितली, त्यावर त्यांनी हात वर करून ठणकावले की दुकान रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होते, कारण त्या स्वतः तिथे कामाला होत्या. मला वाटले, आता वाद होणार. पण दप्तरखान्याच्या बाईंनी ते तिथल्या तिथे पेन्सिलीने टिपून घेतले आणि तुमच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला कधी येता, असे मावशींनाच विचारले.

सप्टेंबरमध्ये 'हेरिटेज ओपन डेज' असतात; 1994 पासून इंग्लंडभर हा उपक्रम चालतो आणि एरवी बंद असलेल्या कितीतरी वास्तू त्या दिवसांत फुकट पाहता येतात. त्या वेळी लोकांना कोठारात नेऊन दाखवतात, आणि मी तिथे पाहुण्यांच्या पिशव्या-कोट सांभाळायचे काम केले. नियम मोठे कडक आहेत. शाईचे पेन आत न्यायचे नाही, फक्त पेन्सिल. पाण्याची बाटलीही बाहेर. जाड वही उताणी उघडायची नाही. फोमच्या उतरत्या पाचरींवर ठेवायची आणि पान मिटू नये म्हणून त्यावर शिशाचे मणी भरलेली कापडी दोरी आडवी टाकायची. पांढरे हातमोजे मात्र कोणी घालत नाही. मोज्यांनी बोटांना कागद समजत नाही आणि तो फाटतो, म्हणून हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून थेट धरायचा. मोजे फक्त फोटो हाताळताना. जुने दस्त मेंढीच्या कातड्यावर लिहिलेले आहेत, हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितले नव्हते. आजी, मी घरी येऊन आंघोळ केली, काळजी करू नकोस.

आता एक गोष्ट सविस्तर लिहिते, कारण ती मला स्वतःला पचायला बरेच महिने लागले. इथल्या लोकांना आपण राहतो त्या घरात पूर्वी कोण राहत होते, हे जाणून घ्यायचे वेड आहे. आपल्याकडे वाड्याचा इतिहास त्या वाड्याचे वारस सांगतात. इथे ज्याने दोन वर्षांपूर्वी घर विकत घेतले तो माणूस, किंवा माझ्यासारखी भाडेकरूसुद्धा, त्या घरातल्या पूर्वीच्या अनोळखी माणसांचा माग काढते. त्यासाठी महिन्यातून एका शनिवारी कार्यशाळा असते. मी सुरुवातीला समजले की हे लोक मालकीचा दावा तपासत असावेत, वादाचे काहीतरी असावे. पण कोणालाही काही मिळवायचे नसते. आधी जुन्या नकाशांवर घर कोणत्या साली उगवले ते पाहतात, मग गल्लीवार छापलेल्या जुन्या निर्देशिकांत घर क्रमांकावरून राहणाऱ्याचे नाव काढतात, आणि नाव हाती लागले की जनगणनेकडे वळतात. जनगणनेचे मूळ कागद शंभर वर्षे बंद असतात. 1921 चे 2022 च्या जानेवारीत खुले झाले. 1931 चे 1942 साली आगीत जळाले आणि 1941 ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही, त्यामुळे पुढचे 1951 चे कागद उघडतील 2052 मध्ये. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची असेन. मधली पोकळी 1939 च्या सप्टेंबरात, युद्ध सुरू होताच केलेल्या नोंदणीने थोडीफार भरते. आणि एवढी खटपट करून एखाद्याला कळते की आपल्या स्वयंपाकघरात एके काळी एक बूट शिवणारा आणि त्याची सहा मुले राहत होती. तो माणूस इतका हरखतो, जणू त्याचे हरवलेले काकाच सापडले.

मी हसत असे. मग बाईंनी माझ्याकडून माझ्या भाड्याच्या घराचा पत्ता घेतला.

1911 च्या जनगणनेत पहिल्यांदाच कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला कागदच सरकारने जपून ठेवला. माझ्या घराचा कागद एका विधवेने भरलेला आहे. अक्षर मोठे, थोडे थरथरते, शाळकरी. त्यात एक रकाना विवाहित स्त्रियांसाठी होता : लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती जन्मली, किती हयात आहेत, किती गेली. विधवांनी तो भरायचा नव्हता. या बाईने भरला आहे : जन्मलेली आठ, हयात पाच, गेलेली तीन. नंतर तपासणाऱ्या कारकुनाने नियमाप्रमाणे लाल शाईने त्या तिन्ही आकड्यांवर आडवी रेघ ओढली आहे. लाल रेघेखालचे आकडे आजही स्वच्छ वाचता येतात. असे खोडलेले रकाने पुष्कळ आहेत, असे बाई म्हणाल्या. अनेक विधवांनी न विचारताच लिहून दिले होते. मी त्या दिवशी घरी आले आणि ज्या खोलीत पत्र लिहिते आहे तिथे बराच वेळ दिवा न लावता बसून होते. आई, यात घाबरण्यासारखे काही नाही, मी झोपले व्यवस्थित.

बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र याहून वेगळे आहे. मागच्या महिन्यात तिथे एक संध्याकाळ झाली, प्रत्येकाने आपल्या घरातला एक जुना कागद आणून त्याच्याविषयी पाच मिनिटे बोलायचे. कोणी युद्धातले रेशनकार्ड आणले, कोणी आजोबांच्या गिरणीचे पगारपाकीट. मी रिकाम्या हाताने गेले होते. बोलायची वेळ आली तेव्हा मी त्र्यंबकच्या गुरुजींच्या वहीची गोष्ट सांगितली. आजोबा गेल्यानंतर आपण गेलो होतो, तेव्हा गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारले, आतल्या खोलीतून लांबट वही आणली आणि अंदाजानेच पान उघडून पणजोबांची मोडीतली सही दाखवली. सिन्नरहून कोणत्या साली आले, बरोबर कोण होते, सगळे तिथे होते. नकाशा नाही, निर्देशिका नाही, फक्त गाव आणि आडनाव. सगळे थक्क झाले. असा दप्तरखाना घराघरात चालतो आणि शेकडो वर्षे चालतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. मला अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला, कारण आदल्याच दिवशी आईने फोनवर सहज सांगितले होते की वाडा रिकामा करताना पोटमाळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला द्यायचे काकांनी ठरवले आहे.

वाडा पाडण्याला माझा विरोध नाही. मी सहा हजार किलोमीटरहून अधिक दूर बसून त्याच्या गळक्या कौलांविषयी हळवे होणे मला शोभत नाही. ती कौले पावसाळ्यात चाळायला तुम्ही वर चढता, मी नाही. पण त्या ट्रंकेत आजोबांच्या वडिलांची खरेदीखते, भाडेपावत्या आणि मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्या आहेत. वि. का. राजवाडे अशाच कागदांसाठी गावोगाव फिरले. आपल्या सार्वजनिक वाचनालयाला तर 1840 पासूनची परंपरा आहे आणि तिथे हस्तलिखितेही आहेत. बाबा, तुम्ही इतक्या वर्षांचे सभासद, तिथे मोडी जाणणारे कोणी आहे का एवढे विचारून पाहाल का? आजी 1969 च्या महापुराची गोष्ट सांगते, गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि पाणी आपल्या पायरीशी आले ती. त्या वर्षीच्या वहीत आजोबांनी नक्की काहीतरी लिहिले असेल, ते हिशेब चुकवणाऱ्यांतले नव्हते.

तोवर ट्रंक तुमच्या पलंगाखाली सरकवून ठेवा. कागद उन्हात घालू नका, चिकटपट्टी लावू नका, आणि वह्यांना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, दमट होतात. जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळल्या तरी पुरे. किल्ली देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे.

बिल्डरच्या वकिलांनी मुलींच्याही सह्या मागितल्या आहेत, असे तुम्ही जरा चाचरत सांगितलेत. बाबा, त्यात चाचरण्यासारखे काय आहे? मसुदा पाठवा. मी तो वाचीन आणि बर्मिंगहॅमच्या वकिलातीतून जे साक्षांकन लागेल ते करून पाठवीन. फ्लॅटमध्ये माझ्या नावाची खोली नसली तरी चालेल. ट्रंक मात्र माझ्या नावावर करा, हे मी थट्टेने लिहीत नाही.

या महिन्यात नेहमीपेक्षा कमी पैसे पाठवले आहेत. घरभाडे वाढले, आणि चिन्मयच्या साखरपुड्याला डिसेंबरात यायचे तर तिकीट आत्ताच काढावे लागते. आजीच्या मोतीबिंदूचे पैसे वेगळे ठेवले आहेत, ते वीस तारखेपर्यंत जमा होतील, शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. दिवाळीला येऊ शकत नाही, हे तिसऱ्यांदा लिहिताना हात जड होतो. कंदील चिन्मयला लावायला सांगा, आणि वायर जुनी आहे ती आधी बदलायला सांगा.

आई, पुण्याच्या स्थळाची माहिती वाचली. मुलगा नोव्हेंबरात लंडनला येतो आहे तर मी भेटेन, कबूल. फक्त तो शनिवारीच येणार असेल तर दुपारनंतर ये म्हणावे, सकाळी मी दप्तरखान्यात असते. हे तू त्यांना सांगू नकोस, मीच सांगीन.

सर्वांना यथायोग्य.
तुमची,
मुक्ता

ता. क. : एवढे मात्र आजीला वाचून दाखवा. आजी, बाबांच्या आधी तुला एक मुलगी झाली होती आणि ती सहा महिन्यांची होऊन गेली, हे मला ठाऊक आहे. तिचे नाव काय ठेवले होते, हे मी तुला कधी विचारले नाही. पुढच्या फोनवर सांगशील का?